शिंगराच्या पाठीवर बसण्याआधी

गेल्या डिसेंबरात भाच्याने सारंगखेड्याच्या यात्रेतून शिंगरू आणलं. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात नुसता घोडा बघायला गेलेला माणूससुद्धा रिकाम्या हाताने परत येईल याची खात्री नसते, आणि हा तर पैसे घेऊनच गेला होता. नाव वाटेतच ठरलं होतं, तुफान. टेम्पोच्या फळीवरून त्याचे मागचे पाय नाशिकजवळच्या आमच्या गिरणाऱ्याच्या मातीला लागतात न लागतात तोच प्रश्न आला, "मामा, दसऱ्याला बसता येईल ना?"

दसऱ्याला झेंडूची माळ घालता येईल, म्हटलं. बसायचं नंतर बघू. त्या संध्याकाळी त्याला जे तोंडी सांगितलं ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण तेव्हापासून आणखी तिघांनी तेच विचारलंय.

सगळ्यात आधी दात. विकणाऱ्याने "तीन पूर्ण" असं छातीठोक सांगितलं होतं. ओठ वर केला तर खालचे पुढचे सहाही दात दुधाचे निघाले: लहान, पांढरेशुभ्र, हिरडीपाशी निमुळते. घोड्याचे मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांच्या आसपास येतात, त्यांच्या शेजारचे साडेतिनाला आणि कडेचे साडेचाराला. म्हणजे तुफान अडीचचाही नव्हता. भाच्याचा चेहरा पडला, पण फसवणुकीचं दुःख करत बसण्यापेक्षा हिशेब मांडणं बरं. पायांची हाडं त्यातल्या त्यात लवकर पक्की होतात, गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांत थांबते. पाठीच्या मणक्यांना मात्र साडेपाच-सहा वर्षं लागतात. जिथे खोगीर टेकतं तोच भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. रेसची घोडी दोन वर्षांची असतानाच पळतात, हे मला दर वेळी कुणीतरी ऐकवतं. त्यांच्यावर पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी असतो, आणि तो धंदाच वेगळा आहे. जमिनीवरचं शिक्षण हवं तेव्हा सुरू करावं, पण साडेतीनच्या आधी पाठीवर माणूस नको, असं माझं मत आहे. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, मत बदलायला नाही.

मग वजन, आणि तेही दोघांचं. घोड्यासाठी शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, जिथे तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, येतो तिथून, छातीचा घेर घ्यायचा आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७, की किलो मिळतात. तुफानचा घेर १६५ आणि लांबी १५० भरली, म्हणजे साधारण ३४४ किलो. अंदाजच आहे, पण कामापुरता. वाढ पूर्ण झालेल्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भार चालतो असा सर्वसाधारण दंडक आहे. कोवळ्या पाठीला मी पंधराच धरतो. ते झाले ५१ किलो. भाचा एकटाच ७८. त्यामुळे पहिली स्वार त्याची धाकटी बहीण, ४४ किलो, आणि सात किलोचं हलकं खोगीर. ती शाळेत असतानाच घोडेस्वारी शिकली. नाशिकचं हे एक भाग्य आहे. १९३७ पासूनचं भोसला मिलिटरी स्कूल इथे, पोलिस अकादमी इथे, त्यामुळे रीतसर बसायला शिकलेली चार माणसं शोधली तर सापडतात. भाच्याने तोंड वाकडं केलं, पण गुणाकार त्यानेच मोबाइलवर केला होता.

पशुवैद्य एकदा घरी बोलवावा आणि सगळी कामं एका फेरीत उरकून घ्यावीत. धनुर्वाताची लस टाळू नये. पागेत गंजका खिळा सापडणं ही काही विशेष गोष्ट नाही, आणि जनावरांत घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी क्वचितच. जंताचं औषध शेण तपासून द्यावं. बाजारातून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्सची रक्तचाचणी झालेली नसेल तर आधी ती करून घ्या आणि निकाल येईपर्यंत त्याला बाकीच्यांपासून लांब बांधा. हा रोग माणसालाही होतो. तोंडात हात घातलाच आहे तर डॉक्टरांना दाढांच्या पुढे उगवणारा छोटा फाजील दात बघायला सांगा. तो असला तर लगाम त्याच्यावर आपटतो, घोडा मान झटकतो, आणि आपण म्हणतो खोडकर आहे. खच्ची करायचं की नाही हेही त्याच बैठकीत ठरवावं. ज्याला प्रजनन करायचं नाही त्याने नर घोडा मिरवण्यासाठी ठेवू नये, घरात बायका-पोरं वावरत असतील तर मुळीच नाही.

डॉक्टर गेले की आपलं काम एवढंच: आठवडाभर सकाळी, घोडा विसाव्यात असताना, ठोके, श्वास आणि ताप मोजून पागेच्या भिंतीवर खडूने लिहायचं. मिनिटाला २८ ते ४४ ठोके, ८ ते १६ श्वास, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा माहीत असला तरच बिघडलेला आकडा ओळखू येतो.

चंदीबद्दल थोडक्यात. काम नसताना हरभरा वाढवला की शिंगरू अंगात येतं आणि दोष मालक शिकवणाऱ्याला देतो. वजनाच्या दीड-दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे तुफानला पाच ते सात किलो, थोडा लसूणघास, मिठाचा खडा आणि भरपूर पाणी. बाकी काम सुरू झाल्यावर.

आता जागा, आणि इथे नाशिकची एक खास अडचण आहे. पावसाळ्यात आमच्याकडे गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात दगडासारखी जमीन. शिंगरू शिकवायला दिवाळीनंतरचे तीन-चार महिने सोन्यासारखे. पण नेमकं तेव्हाच ऑक्टोबर छाटणी झालेली असते आणि आजूबाजूच्या प्रत्येक द्राक्षबागेत ब्लोअर सुरू असतो. ट्रॅक्टरच्या मागे तो पंखा असा काही घोंगावतो की शिकलेला घोडासुद्धा कान टवकारतो. शेजाऱ्याला फवारणी पुढे ढकला म्हणता येत नाही, त्याचं वर्षाचं पीक आहे. म्हणून फवारणीच्या वेळा त्याला विचारून घ्याव्यात आणि आपण मधली वेळ साधावी. मला दुपारी चारची बरी पडते. ६० फूट व्यासाचं गोल रिंगण, खाली मुरूम दाबून वर दोन-तीन इंच वाळू. वाळू जास्त खोल टाकली की पायाच्या शिरा ओढल्या जातात. कुंपणाला काटेरी तार असेल तर ती आधी काढा. बांबू चालतील, लाकडी बल्ल्या चालतील, तार नाही.

सामानातली पहिली वस्तू मोहरकी, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्यावर चढवायचा दोरीचा साज. खोगीर सगळ्यात शेवटी घ्यावं, कारण वर्षभरात पाठीचा आकार बदलतो आणि घाईने घेतलेलं खोगीर पुढे बसत नाही. शिंगराची पाठ आणि खोगिराचा कणा यांच्यात, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर, दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. माणूस बसल्यावरसुद्धा. लगाम साधा, मध्ये सांधा असलेला गुळगुळीत, तोंडाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडतील इतकाच वर. बाजारात काटेरी लगाम अजून राजरोस मिळतो आणि विकणारा वर सांगतो की याशिवाय मारवाडी घोडा थांबत नाही. अशा लगामावर १९६५ च्या केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ज्याची जीभ एकदा कापली गेली त्याच्या तोंडाला पुन्हा कसलाच हलका इशारा कळत नाही. स्वाराला घोडेस्वारीचं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा बांधलेलं. मोटारसायकलचं नको, ते जड असतं आणि मान अडवतं. पायात टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही.

जमिनीवरच्या कामाला मी सहा महिने धरतो. वरून बघणाऱ्याला त्यात काही घडताना दिसत नाही. मोहरकीचा दोर हलका ताणायचा आणि थांबायचं. शिंगरू आधी मान वर करेल, मागे ओढेल, इकडेतिकडे बघेल. मग अर्धं पाऊल पुढे टाकेल. त्या अर्ध्या पावलाला, त्याच क्षणी, दोर सैल. शिकवणं म्हणतात ते एवढंच. ताण त्याला काही शिकवत नाही, ताण सुटण्याची वेळ शिकवते. भाचा सुरुवातीला पाऊल पडल्यावर "शाब्बास" म्हणायचा, पाठ थोपटायचा आणि दोर मात्र ताणलेलाच ठेवायचा. तुफानला त्यातून काय कळणार? दोन आठवड्यांनी हात सुधारला, मग घोडाही सुधारला. याच रीतीने मागे सरकणं, ढुंगण बाजूला घेणं, चारही खूर हातात देणं. खूर देणारा घोडा असला की नालबंद आनंदाने येतो, नाहीतर दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासायला माणूस मिळवताना नाकी नऊ येतात. नाल एवढ्यात नकोत.

त्यानंतर लांब दोरीवर गोल फिरवणं, जुने लोक ज्याला कावा म्हणतात. कदम, मग दुडकी, आणि दोन्ही बाजूंनी सारखं. घोड्याचे डोळे कडेला असतात. डावीकडून ओळखीची झालेली गोणी उजवीकडून दिसली की पुष्कळदा तो नवीन गोणी बघितल्यासारखा बिचकतो. म्हणून नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड गादी, दाखवायचा तो दोन्हीकडून, चढायचा सराव करायचा तो दोन्हीकडून. वीस मिनिटं झाली की बंद. कोवळ्या सांध्यांना सतत गोल फिरणंही सोसत नाही.

खोगिराचं मी स्वतः केलेलं सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडे मैना नावाची घोडी होती. पहिल्यांदा खोगीर ठेवलं, ती पुतळ्यासारखी उभी. वाटलं, काय गुणाची पोर आहे. आणि तंग एका दमात तिसऱ्या भोकापर्यंत ओढला. ती गुणाने उभी नव्हती, श्वास रोखून उभी होती. तेव्हा मला तो फरक दिसत नव्हता. एक पाऊल टाकलं, तंग छातीत रुतला, पाठ कमानीसारखी वर आली आणि खोगीर फिरून पोटाखाली गेलं. लोंबणाऱ्या रिकिबी मागच्या पायांवर आपटायला लागल्या. जितक्या आपटतील तितकी ती पळे, आणि जितकी पळे तितक्या त्या आपटत. शेजारच्या बागेच्या दोन ओळी तारांसकट घेऊन ती थांबली. बागेची भरपाई दिली, पोटाखालची सोललेली कातडी महिन्याभरात भरली. पण पुढे वर्षभर तंगाचं बकल नुसतं किणकिणलं तरी मैनाचे कान मागे जात.

म्हणून आता आमच्याकडे क्रम असा: काही दिवस नुसता नमदा. मग नमद्यावर रुंद पट्टा, सैल. मग तो पट्टा एकेक भोक, प्रत्येक भोकानंतर दहा पावलं चालवून. मग रिकिबी काढलेलं खोगीर. मग रिकिबी लावून वर अडकवलेल्या. सर्वात शेवटी मोकळ्या सोडलेल्या, कावा करत. शिंगरू सुस्कारा सोडून मान खाली घालतंय आणि जबडा हलवतंय असं दिसलं तरच पुढची पायरी. डोळ्यांची पांढरी कड दिसली, शेपूट आवळलं, तर आदल्या पायरीवर परत.

आवाजाची तयारी वेगळी करावी लागत नाही, नाशिकच ती करून देतं. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आम्ही तुफानला लांबच्या शेतात चारा टाकून उभा करायचो, जिथून ढोल नुसता धुमसल्यासारखा ऐकू येई. तो चरत राहिला की दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. थेट ढोलापुढे नेऊन "सवय होईल" म्हणणारे असतात. सवय होत नाही, घोडा गोठतो. वरातीला घोडे नाचवायला शिकवणारा एक जण याच काळात येऊन पंधरा दिवसांत घोडा फेरून देतो म्हणाला. पाय कसे बांधतो तेही त्याने अभिमानाने सांगितलं. चहा पाजून वाटेला लावला.

राहिला बसण्याचा दिवस. तुफानचा अजून आलेला नाही, मधले दोन दात नुकते फुटलेत. येईल तेव्हा तिघं लागतील: बसणारी, मोहरकी धरणारा, आणि फाटकापाशी उभा राहून कुत्री आणि पाहुणे बाहेर ठेवणारा. वारा सुटलेला नको. आधी कावा करून अंग मोकळं झालेलं असावं. चढायला पक्का चौरंग किंवा पार, म्हणजे खोगीर एका बाजूला ओढलं जात नाही. आधी ती नुसती पोटावर आडवी पडेल, दोन्हीकडून, काही दिवस. मग एके दिवशी पाय पलीकडे टाकेल, ढुंगणाला बूट न लावता, आणि हळूच बसेल. मोहरकी धरणारा दोन पावलं चालवेल. उतरायचं. झालं त्या दिवसापुरतं. धरणाऱ्याच्या खिशात दोर कापायला सुरी, दुसऱ्या खिशात गाजर.

आणि घरी कुणाला सांगायचं नाही. गेल्या वेळी एका घोडीच्या पहिल्या बसण्याला अख्खी आळी मोबाइल घेऊन कुंपणाशी उभी होती, आणि एकाचा ड्रोन पण होता.