माशांचे साइटोकाइन मोजण्याआधीची तयारी

संवर्धनातल्या माशांची प्रतिकारशक्ती ताब्यात ठेवणारी प्रथिने, म्हणजे साइटोकाइन, तपासायची असतील तर खरी कसोटी टाकीपाशी लागते. यंत्राचे काम त्या मानाने सोपे.

आधी काय मोजायचे ते पक्के करा. दाह भडकवणारी आयएल-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा घेतलीत तर तो आवरणारी आयएल-१० आणि टीजीएफ-बीटाही घ्या, नाहीतर चित्र एकांगी राहते. विषाणूचा संशय असेल तर इंटरफेरॉन (विषाणूविरोधी साइटोकाइन) आणि त्याच्यामुळे तयार होणारे एमएक्स हे प्रथिन हवेतच. माशांच्या साइटोकाइनसाठी भरवशाच्या अँटिबॉडी फार कमी मिळतात, म्हणून बहुतेक जण एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकाकडून निघणारा निरोप, मोजतात. हरकत नाही, पण अहवालात त्याला प्रथिनाची पातळी म्हणू नका. सॅल्मन किंवा ट्राउट असेल तर त्यांच्या पूर्वजांत अख्खा जीनोम दुप्पट झाला होता, त्यामुळे एकाच जनुकाच्या दोन-दोन प्रती सापडतात. प्रायमर (मोजायचे जनुक हेरणारा डीएनएचा छोटा तुकडा) कुठली प्रत पकडतो ते आधीच पाहून ठेवा.

एका टाकीतले वीस मासे म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत, तेव्हा मासे वाढवण्यापेक्षा टाक्या वाढवा. नमुने घेण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. पाण्याचे तापमान लिहून ठेवा, कारण माशाच्या शरीराचे तापमानही जवळपास तेच असते आणि गार पाण्यात प्रतिसाद उशिरा चढतो.

जाळ्याने पाठलाग सुरू झाला की काही मिनिटांतच कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि ते दाहाची जनुके दाबू शकते. म्हणून एका वेळी हाताळता येतील तेवढेच मासे काढा आणि थेट भुलीच्या पाण्यात सोडा. एमएस-२२२ हे भुलीचे औषध पाणी आम्लधर्मी करते. खाण्याचा सोडा घालून पीएच मासा टाकण्यापूर्वी सारखा करून घ्या. रक्त हवे असेल तर ते आधी काढा. माशांच्या लाल पेशींत केंद्रक असते, त्यामुळे अख्ख्या रक्तातून निघालेला आरएनए बराचसा त्यांचाच असतो, हे विसरू नका.

माशाला अस्थिमज्जा नसते. रक्तपेशी बनवण्याचे ते काम हेड किडनी करते. कवटीच्या लगेच मागे, कण्याला चिकटलेला गडद लाल, मऊ भाग तोच. तिथवर जाताना पित्ताशय फुटू देऊ नका. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर आरएनएलेटर (आरएनए टिकवणारे द्रावण) आतपर्यंत मुरत नाही. रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८० अंशांवर. प्लीहा आणि कल्ल्यांचेही तसेच.

नळ्यांवर क्रमांक आदल्या संध्याकाळीच घाला. ओल्या हातांनी लिहिलेले पुसले जाते. डीएनएज (आरएनएमध्ये मिसळलेला डीएनए नष्ट करणारे एन्झाइम) आणि किमान दोन संदर्भ जनुकांचे, म्हणजे तुलनेसाठीच्या स्थिर पातळीच्या जनुकांचे, प्रायमर आणून ठेवा. भूल दिलेले मासे विक्रीच्या लॉटमध्ये परत जाणार नाहीत, अशी वेगळी बादली टाकीशेजारी हवी.