सांगलीत चालायला आणि सायकलला जागा मिळवायची तर सुरुवात कुठनं करायची

सांगली सपाट आहे, घाट नाही चढ नाही, विश्रामबागेतनं निघालेला माणूस दम न लागता गणपती मंदिरापर्यंत सायकलवर येऊ शकतो. आणि तरी आपण पोरांना दोन गल्ल्या सोडून असलेल्या क्लासला गाडीवरनंच सोडतो, कारण एकट्याला रस्त्यावर सोडायचा धीर होत नाही. हे बदलायचंय असं वाटणारी चार-पाच माणसं तुमच्या कॉलनीत नक्की असतील. त्यांनी नेमकं काय करायचं ते सांगतो. पद लागत नाही, संस्था रजिस्टर करायची गरज नाही, पैसेही फारसे लागत नाहीत, पण वर्ष-दीड वर्ष मागे लागायची तयारी पाहिजे.

एकच रस्ता धरा

"शहर सायकलस्नेही करा" असं निवेदन दिलं की ते फायलीत जातं, कारण त्यावर कुठल्याच इंजिनिअरला उद्या सकाळी काही करता येत नाही. त्यापेक्षा एक शाळा, एक चौक, नाहीतर अर्धा किलोमीटर रस्ता निवडा, जिथं रोज त्रास होतो आणि जिथली माणसं तुम्हाला ओळखतात. शाळेसमोरचा रस्ता सगळ्यात चांगला, कारण तिथं विरोध करायला कुणी पुढं येत नाही आणि पालक आपोआप सोबत येतात.

ग्रुपमध्ये कोण पाहिजे

रविवारची राइड मारणारी मंडळी उत्साही असतात, त्यांना घ्याच. पण नुसती तेवढीच असली तर काम एकांगी होतं. आपल्याकडं सायकल मुख्यतः गरजेनं चालवली जाते, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर काम करणारा हमाल, कुपवाडला कारखान्यात शिफ्टला जाणारा कामगार, रात्रपाळीचा वॉचमन, क्लासला जाणाऱ्या मुली. त्यांना हेल्मेट आणि जर्सीपेक्षा रात्री लाईट असलेला रस्ता आणि कडेला खड्डा नसलेली दोन-तीन फूट जागा पाहिजे असते. त्यांच्यापैकी दोघं-तिघं ग्रुपमध्ये असलेच पाहिजेत. त्यांच्या वेळेला मीटिंग ठेवा, त्यांना जमेल अशा ठिकाणी ठेवा. आणि एखादी आजी, एखादा व्हीलचेअर वापरणारा माणूस, त्यांच्यासोबत तो रस्ता एकदा पूर्ण चालून बघा. जिथं आपण नुसती टांग टाकून पलीकडं जातो तिथं ते अडकून बसतात, आणि ते बघितल्यावर मागणी काय करायची हे वेगळं शोधावं लागत नाही.

मोजा, आणि नीट मोजा

या कामात मी सगळ्यात जास्त भर यावर देईन. पावसाळ्यात अख्खी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीकडं डोळे लावून असते, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि तो आकडा आला की कलेक्टर ऑफिसपासून शेवटच्या गल्लीपर्यंत सगळे हलतात. रस्त्याच्या बाबतीत असा आकडा कुणाकडं नसतो. तो तुम्ही तयार करायचा.

तीन गोष्टी मोजायच्या. पहिली, माणसं. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास एका जागी उभं राहून पंधरा-पंधरा मिनिटं मोजा. वहीत रकाने पाडा: चालणारे, सायकलवाले, दुचाकी, रिक्षा आणि कार, जड वाहनं. चालणाऱ्यांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं वेगळी टिपा. एका दिवसावर थांबू नका, कामाचे दोन-तीन दिवस घ्या, नाहीतर "त्या दिवशी गर्दी होती" म्हणून विषय संपतो.

दुसरी, जागा. मीटरची टेप घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ हे पादचाऱ्यांच्या सोयींसाठीचं मानक आहे आणि त्यात फुटपाथवर चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे असं म्हटलंय, मोकळी म्हणजे मध्ये विजेचा डीपी, खांब, झाडाचा कट्टा, जाहिरातीचा बोर्ड काही नको. फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको. आता टेप लावून बघा, किती ठिकाणी पायरी गुडघ्याला येते आणि खांब सोडून किती इंच उरतात. प्रत्येक अडथळ्याचा टेप लावलेला फोटो काढा, लोकेशनसकट. आकडा दिसणारा फोटो असला की वाद घालायला जागा उरत नाही.

तिसरी, वेळ. रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लावा. हिशोबाला साधारण सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरतात, म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. तुमच्या ग्रुपमधल्या आजींना तोच रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागले तर सिग्नलचा वेळ कुणासाठी लावलाय हे एका ओळीत दिसतं.

रस्ता कुणाचा ते शोधा

सगळे रस्ते महापालिकेचे नसतात. काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, काही राष्ट्रीय महामार्गाकडं, आणि चुकीच्या दारात गेलात की महिने वाया जातात. पट्टे, गतिरोधक, फुटपाथ हे ज्याचा रस्ता त्याचं काम, सिग्नल आणि पार्किंगच्या बाबतीत पोलिसांची वाहतूक शाखा लागतेच. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. विचारायचं एवढंच: हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, शेवटचं काम कधी झालं, ठेकेदाराची दोष दायित्वाची मुदत (म्हणजे काम बिघडलं तर त्यानंच स्वखर्चानं दुरुस्त करायचा काळ) कधी संपते, आणि मंजूर आराखड्यात फुटपाथची रुंदी किती दाखवलीय. हा शेवटचा प्रश्न लय महत्त्वाचा, कारण कागदावर फुटपाथ असतो आणि जागेवर नसतो असं निघालं तर तुमचं निम्मं काम झालंच.

निवेदन कसं लिहायचं

एका पानाच्या वर जाऊ नका. आयुक्तांच्या नावे, आणि प्रत शहर अभियंता, वाहतूक शाखा आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना, एकालाच दिलं की दुसरे नाराज होतात. विषयाच्या ओळीत जागा आणि काम दोन्ही येऊ दे, उदाहरणार्थ "अमुक शाळेच्या गेटसमोर उंच क्रॉसिंग व दोन्ही बाजूस झेब्रा पट्टे करणेबाबत". खाली तुमचे मोजलेले आकडे, मग मागणी, मग फोटो. मागण्या तीनच ठेवा. त्यातली एक महिन्याभरात होण्यासारखी असू दे, पट्टे मारणं किंवा वळणावरचा बोर्ड काढणं, म्हणजे काहीतरी हललेलं दिसतं आणि ग्रुप टिकतो.

कायद्याची एकच ओळ टाका, पण टाका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की वापरण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. आपण उपकार मागत नाही, हे समोरच्याला आणि आपल्यालाही कळलेलं बरं.

निवेदन आवक विभागात द्या, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्या. साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला तरी पोच लागतेच, कारण पुढच्या प्रत्येक पत्रात "संदर्भ" म्हणून तोच नंबर टाकायचा असतो. उत्तर नाही आलं तर लोकशाही दिनात अर्ज करता येतो, जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही पत्र द्या, तिथं पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एका टेबलावर असतात.

वेळ साधा

काम चांगलं असूनही अडतं ते बहुतेक वेळा इथं. रस्ता होऊन गेल्यावर फुटपाथ मागितला तर "आता पुढच्या वेळी" हेच उत्तर येणार. एस्टिमेट व्हायच्या आधी गेलं पाहिजे. पाऊस संपला की डांबरीकरणाची तयारी सुरू होते, आणि २०१९ किंवा २०२१ सारखा पूर येऊन गेला तर खराब झालेले कितीतरी रस्ते नव्यानं करावे लागतात, तेव्हा तुमचा कागद टेबलावर असला पाहिजे. बजेटचं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, म्हणून दिवाळी झाली की लगेच मागणी द्या, फेब्रुवारीत गेलात तर उशीर झालेला असतो.

दुकानदार आणि भाजीवाल्या मावशी

"पार्किंग गेलं की गिऱ्हाईक तुटणार" हे ऐकावं लागणारच. भांडू नका, सोबत मोजा. दर अर्ध्या तासाला दुकानांसमोरच्या गाड्या टिपा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न हललेल्या गाड्या किती आणि त्या कुणाच्या, हे दुकानदाराला स्वतःलाच दिसलं की बोलणं सोपं जातं.

फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेत्यांना उठवा अशी मागणी कृपा करून करू नका. २०१४ चा फेरीवाला कायदा त्यांना हक्क देतो, जागा ठरवायला शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे, आणि रस्त्यावर माणसांची वर्दळ राहते ती त्यांच्यामुळंच. संध्याकाळी उशिरा एकटी चालणारी बाई त्या पालेभाजीच्या गाड्यावरच्या बल्बच्या भरवशावर चालते. त्यांना जागा आखून द्या आणि चालायला १.८ मीटर सोडा, अशी मागणी करा.

एक दिवस करून दाखवा

वाहतूक शाखेची लेखी परवानगी घेऊन शाळेसमोर एक सकाळ ट्रायल करा. ग्राउंडवर मारतात ती फक्की, थोडे ट्रॅफिक कोन, पोलिसांचे दोन बॅरिकेड, बास. फुटपाथचा कोपरा फक्की आणि कोनांनी रस्त्यात पुढं वाढवा म्हणजे वळणाऱ्या गाड्यांना हळू व्हावंच लागतं, ओलांडायचं अंतर कमी होतं. आधीचा आणि त्या दिवशीचा व्हिडिओ एकाच जागेवरनं काढा. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, लोकांनी रस्त्यात मोकळं फिरून बघितलं की मत बदलतं, ते भाषणानं होत नाही.

काम झाल्यावर

फुटपाथ झाला, पट्टे मारले, पेपरात बातमी आली, की ग्रुप थंड पडतो. थंड पडू देऊ नका. महिन्यानं त्याच जागी त्याच वेळी पुन्हा मोजा, त्याच रकान्यांत, आणि वाढलेला आकडा आयुक्तांना आभाराच्या पत्रासोबत पाठवा, पुढचा रस्ता मागायला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. टेप घेऊन रुंदीही तपासा, मंजूर १.८ असेल आणि जागेवर दीड भरत असेल तर बिल निघायच्या आधी लेखी कळवा. आणि दोष दायित्वाची तारीख मोबाईलमध्ये दोन महिने आधीच्या रिमाइंडरसकट टाकून ठेवा, त्या मुदतीत उखडलेली फरशी ठेकेदारानं स्वखर्चानं बसवायची असते, फक्त कुणीतरी वेळेत पत्र द्यावं लागतं.