मे महिन्यातली पूर्व आफ्रिका: कोकणातून पावसाळी सफारीची आखणी

पावसाळा म्हटलं की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे झड उभी राहते. आठ-आठ दिवस ऊन नाही, पागोळ्या थांबत नाहीत, कपडे वाळत नाहीत. ही कल्पना मनात घट्ट असल्यामुळे "पावसात कसली सफारी?" असं म्हणून अनेक जण केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी या दोन जंगलांचा सगळ्यात मोकळा हंगाम सोडून देतात. प्रत्यक्षात सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या माळावर वर्षभरात मिळून ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीला एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. वायव्य भागात तो १,२०० मिलिमीटरपर्यंत जातो, पण तोही वर्षभराचा. तिथला पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर ढग भरून येतो, तास-दोन तास कोसळतो आणि सकाळ स्वच्छ देतो.

पावसाच्या आकड्याने घाबरायचं कारण नाही. आखणी करायची ती मातीकडे बघून. आपल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत पाणी झिरपून जातं. सर ओसरली की अर्ध्या तासात सड्यावर चालता येतं. माराच्या बऱ्याच भागात मात्र घाटावरच्या कापसाच्या रानासारखी काळी माती आहे. ती पाणी शोषून फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत करून सोडते. पावसाळी सफारी बिघडते ती बहुतेक वेळा या चिखलात. गाडी, मुक्काम आणि रात्रींची संख्या, तिन्ही गोष्टी या मातीवरून ठरवा.

कधी निघायचं

केनिया आणि टांझानियात पावसाचे दोन हंगाम असतात. मार्च ते मे हा मोठा पाऊस, त्याला स्वाहिलीत 'मसिका' म्हणतात. साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा छोटा पाऊस, म्हणजे 'वुली'. आपली मे महिन्याची सुट्टी मसिकाच्या शेवटाला लागते, दिवाळीची वुलीच्या सुरुवातीला.

दिवाळीत जाणाऱ्यांनी एक हिशेब आधी करावा. मसाई मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर असं झालं. हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्या बारा तासांचं असतं. चार प्रौढांनी चार दिवस राहायचं म्हटलं तर मेमध्ये १,६०० डॉलर, नोव्हेंबरमध्ये ३,२००. शिवाय नोव्हेंबरपर्यंत वाइल्डबीस्टचे (दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या तिथल्या गवतखाऊ जनावरांचे) मोठे कळप बहुधा मारा सोडून दक्षिणेला गेलेले असतात. म्हणजे दर कळपांच्या हंगामाचा द्यायचा आणि कळप मात्र नाहीत. दिवाळीतच जायचं असेल तर टांझानिया निवडा. वर्ष बदलताना दर पुन्हा तपासून घ्या, ते वारंवार बदलतात.

मेमध्ये पहिल्या पंधरवड्यापेक्षा शेवटचा आठवडा बरा, कारण मसिका ओसरत आलेला असतो. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांना तर जूनचा पहिला पंधरवडा सुचवावासा वाटतो. आंबा संपत आलेला असतो, आगोटीची कामं उरकलेली असतात, मासेमारीची बंदी १ जूनला सुरू झालेली असते आणि माराचं शुल्क ३० जूनपर्यंत अर्धंच असतं. भातशेती असलेल्यांनी मात्र पेरणी उरकून किंवा घरी कोणावर तरी सोपवून निघावं. अडचण एवढीच, की बरेच कॅम्प जूनपासून राहण्याचे दर चढवतात. एप्रिल-मेमध्ये तीन रात्रींचे पैसे घेऊन चौथी रात्र मोफत अशा सवलती मिळतात. दोन्ही तारखांचे दर मागवा आणि राहणं अधिक शुल्क अशी पूर्ण बेरीज समोर ठेवून ठरवा.

कुठे जायचं

पावसात सगळीकडे पाणी असल्यामुळे जनावरं पाणवठ्यावर गोळा होत नाहीत, पांगतात. म्हणून कोरड्या हंगामातली प्रसिद्ध ठिकाणं पावसात फसवी ठरतात. टांझानियातल्या टारांगिरे उद्यानाचे हत्ती हे त्याचं ठळक उदाहरण. कोरड्या दिवसांत ते नदीकाठी शेकड्यांनी दिसतात, पावसात उद्यानाबाहेर दूरवर जातात. टांझानियाच्या दक्षिणेकडच्या न्येरेरे उद्यानातले बरेच कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच असतात.

उलट सेरेंगेटीचा दक्षिण भाग पावसातच जिवंत असतो. तिथे ज्वालामुखीच्या राखेची पातळ माती आणि खाली चुन्याचा कडक थर आहे. मुळं खोल जात नाहीत, गवत आखूड राहतं. आपल्या कातळसड्यावर गवत कमरेएवढं वाढत नाही, तसंच काहीसं. गवत आखूड असलं की चित्ता आणि तरस लांबूनही दिसतात. मार्च सरता सरता कळप हा माळ सोडू लागतात. मेपर्यंत ते मध्य सेरेंगेटी आणि पश्चिमेच्या पट्ट्याकडे सरकतात. त्यामुळे मेमध्ये सेरेंगेटीला गेलात तर मुक्काम मध्यभागात, सेरोनेराच्या आसपास घ्या आणि दक्षिणेला एखादा दिवस जाऊन या.

टांझानियातलं न्गोरोंगोरोचं ज्वालामुखी विवर कोणत्याही महिन्यात जमतं. तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आणि भिंती साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे बरीचशी जनावरं आतच राहतात. मात्र काठावर धुकं असतं आणि थंडी आंबोलीपेक्षा बरीच जास्त. काठ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. स्वेटर नसेल तर रात्रभर कुडकुडाल.

मारात मे-जूनमध्ये तांबडं गवत चांगलंच उंच होतं. आडवा पडलेला सिंह दहा हातांवरून दिसत नाही. याला उपाय आहे, तो पुढे सांगितला आहे.

झांझिबार बेटाचा बेत सफारीला जोडू नका. एप्रिल-मेमधला किनाऱ्यावरचा पाऊस थेट आपल्या पावसाच्या जातीचा आहे, आणि तो बघायला समुद्र ओलांडायची गरज नाही.

किती रात्री

कोरड्या हंगामात दोन रात्रींत तीन ठिकाणं पळत बघणारे लोक असतात. पावसात असा बेत हमखास कोसळतो. एक ओढा भरला की अर्धा दिवस जातो, दुसऱ्या दिवशी गाडी रुतली की संपलंच. एका ठिकाणी किमान चार रात्री धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून सात-आठ फेऱ्या होतात, त्यातल्या दोन पावसाने खाल्ल्या तरी हातात पुरेसं उरतं. सरळ आराखडा असा: नैरोबीत एक रात्र, नैवाशा किंवा नाकुरू तळ्याकाठी एक, मारात चार, परत नैरोबीत एक. नैरोबी ते मारा रस्त्याने साधारण २७० किलोमीटर. नारोकमार्गे पाच-सहा तास धरा, आणि सकाळी लवकर निघा म्हणजे दुपारच्या पावसाआधी कॅम्प गाठता येतो.

लहान विमानाने जाणार असाल तर सामान माणशी १५ किलो आणि मऊ पिशवीतच. धावपट्ट्या बहुतेक कच्च्या असतात, त्यामुळे चिखल झाला तर विमान दुसऱ्या पट्टीवर उतरवतात. परतीच्या दिवशी मारातून थेट मुंबईचं विमान गाठायचा बेत म्हणूनच करू नये. नैरोबीची ती शेवटची रात्र वाचवायला जाऊ नका.

गाडी

पैसे वाचवायचे ते इतर कुठेही वाचवा, गाडीत नको. स्वस्त पॅकेजमध्ये वर उघडणाऱ्या टपाची व्हॅन देतात. फक्त दोन चाकांना जोर असलेली व्हॅन कोरड्यात चालते, काळ्या चिखलात नाही. लेखी मागा: चारही चाकांना जोर देणारी लँड क्रूझर किंवा तशीच गाडी, प्रत्येकाला खिडकी, चिखलाचे टायर, दोन स्टेपनी, फावडं, ओढायचा दोर, वायरलेस. आणि उंच जॅकसोबत त्याखाली ठेवायची रुंद फळी आहे का, हे मुद्दाम विचारा. फळी नसेल तर गाडी वर उचलण्याऐवजी जॅकच जमिनीत जातो. हा प्रश्न विचारला की समोरच्यालाही कळतं की तुम्हाला चिखल माहीत आहे.

गाडी रुतली तर घाईने ॲक्सिलरेटर दाबल्याने चाक खणत जातं आणि गाडी पोटावर बसते. चालकाने थांबून मदत मागितली तर तो घाबरला असं समजू नका, ते योग्यच आहे. तो सांगत नाही तोवर खाली उतरू नका, उंच गवतात काय बसलंय ते दिसत नाही. वाट सोडून गाडी घालायचा आग्रहही धरू नका. मारा राखीव क्षेत्रात आणि सेरेंगेटीत वाट सोडण्याला मनाई आहे, आणि ओल्या कुरणात उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं जात नाही. (गाडीला स्वाहिलीतही 'गारी' म्हणतात, तेवढा एक शब्द तुम्हाला आधीच येतो.)

मुक्काम

नदीकाठचा तंबू फोटोत छान दिसतो. मे २०२४ च्या सुरुवातीला तालेक नदीला पूर येऊन माराच्या काठावरचे अनेक कॅम्प पाण्यात गेले आणि पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. नकाशावर कॅम्प बघा, काठाच्या उंचीबद्दल विचारा, आणि प्रवेशद्वारापासून कॅम्पपर्यंत किती ओढे ओलांडावे लागतात तेही विचारा. त्यावर पूल आहेत की नुसते सांडवे, यावर तुमची पहाट अवलंबून आहे.

कागदपत्रं, लस, गोळ्या

केनियाला जाण्याआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) घ्यावं लागतं, टांझानियाला ई-व्हिसा. दोन्हीसाठी निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या पुढे सहा महिने असावी.

पीतज्वराची लस विसरून चालणार नाही. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. कोकणातून जवळची म्हणजे मुंबईतली बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयं, सिंधुदुर्गकरांना गोव्यात मुरगाव. एक कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. आधी दिवस ठरवून घ्या आणि मूळ पासपोर्ट सोबत न्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत.

मलेरियाच्या गोळ्या पावसाळी सफारीत टाळू नयेत. तिथल्या मलेरियावर क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्टर बहुधा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सीसायक्लिन देतात. पहिली निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत रोज, दुसरी परतल्यावर चार आठवडे रोज. डॉक्सीसायक्लिन कोकणात लेप्टोमुळे ओळखीची आहे, पण लेप्टो टाळायला ती आठवड्यातून एकदा देतात. मलेरियासाठी ती रोज घ्यायची. इथेच गल्लत होते. आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत.

सामान

आपल्या घरोघरी असलेला निळा रेनकोट घरीच ठेवा. तिथली त्सेत्से ही चावरी माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे धावते, आणि तिचा चावा जीन्समधूनही लागतो. खाकी किंवा मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. गमबूट नकोत, वजन खातात. घोट्यापर्यंतचे पकड असलेले बूट पुरतात. कॅमेऱ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या आणि झाकणाचा डबा. लेन्सवर बुरशी कशी चढते हे कोकणात कोणाला सांगायला नको. जाड कापडाची रिकामी पिशवी शिवून न्या आणि नैरोबीत तांदूळ भरून घ्या. खिडकीवर ठेवली की मोठी लेन्स स्थिर राहते.

लाडू-चकल्या बांधताना एक पथ्य. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि विमानतळावरच त्या काढून घेतात. फराळ स्टीलच्या डब्यात भरा, कपडे कापडी पिशव्यांत. केनियाच्या उद्यानांत एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. हापूसची पेटी नेऊ नका, ताजी फळं परवान्याशिवाय आत सोडत नाहीत.

मुंबईपर्यंतचा प्रवास हाही आखणीचाच भाग आहे. मेअखेरीस परतणाऱ्या चाकरमान्यांमुळे मुंबईकडच्या गाड्या भरलेल्या असतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. जूनमध्ये पहिल्या पावसाने गाड्या लांबतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. तिथून नैरोबीचं थेट विमान साधारण सहा तासांचं, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

रोजची फेरी

पहाटे सहाला बाहेर, नाश्ता डब्यात घेऊन, अकरापर्यंत. ओल्या गवतात चालणं सिंहांनाही आवडत नाही, म्हणून सकाळी ते वाटेवरच भेटतात. चित्ता वारुळावर चढून बसतो, सिंह खडकांच्या टेकड्यांवर अंग वाळवतात. उंच गवतात शोधत बसण्याऐवजी चालकाला वाटा, वारुळं आणि खडक धरून फिरायला सांगा. दुपारी सर येऊन गेली की लगेच निघा. पावसानंतरचा पहिला तास उजेडालाही चांगला आणि जनावरांनाही.

पक्ष्यांसाठी हा काळ अतिशय श्रीमंत आहे. विणीच्या रंगातले बिशप आणि विडोबर्ड गवताच्या शेंड्यांवर झुलत असतात. नोव्हेंबरमध्ये गेलात तर अमूर ससाणे बघा. ते भारतावरून आणि अरबी समुद्रावरून तिथे पोचलेले असतात. जूनमध्ये आपल्याकडे ओरडणारा चातकही आफ्रिकेतूनच येतो.

परतल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका. जूनमध्ये कोकणात ताप म्हटला की डॉक्टरांच्या मनात आधी लेप्टो आणि डेंगी येतो. दारातच सांगा की आफ्रिकेतून आलो आहोत, आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. पहिली नकारार्थी आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. हे सांगणं परतल्यावर काही महिन्यांपर्यंत लक्षात ठेवायचं आहे, गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी.