१८४५६ दिसला की लगेच पासवर्ड बदलू नका

कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात डेटाबेसचं काम म्हणजे बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती. पतसंस्थेत जा, काजू कारखान्यात जा, बर्फाच्या फॅक्टरीत जा, कोपऱ्यातला एखादा पीसी ‘सर्व्हर’ म्हणून लावलेला असतो आणि बाकीच्या टेबलांवरून बिलिंग चालतं. सपोर्टला नवीन लागलेल्या मुलामुलींना पहिल्याच पावसाळ्यात तिथे एक आकडा भेटतो: १८४५६. लॉगिन फेल्ड फॉर यूजर.

लॉगिन (सर्व्हरमध्ये शिरायचं खातं) आणि यूजर (आतल्या एका डेटाबेसमधलं खातं) यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. एक मात्र आधी वेगळं करा. एरर २६ आला, सर्व्हर किंवा इन्स्टन्स (त्या मशीनवर चालणारी एसक्यूएल सर्व्हरची एक प्रत) सापडत नाही म्हणाला, तर तुम्ही अजून वाडीतच पोचलेला नाहीत. १८४५६ म्हणजे घर सापडलं, पण दार उघडलं नाही. २६ असेल तर इन्स्टन्सचा पत्ता सांगणारी एसक्यूएल ब्राउझर सर्विस चालू आहे का, यूडीपी १४३४ पोर्ट फायरवॉलमध्ये अडतोय का, टीसीपी-आयपी चालू केलंय का, एवढं बघा. एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी मुळात बंदच येतं. पासवर्डचा तिथे काही संबंध नसतो.

आता खरा सापळा. मी यातच अडकले होते, म्हणून जरा लांबण लावते.

१८४५६ च्या मेसेजमध्ये ‘स्टेट’ नावाचा एक आकडा असतो. तुमच्या स्क्रीनवर तो जवळजवळ नेहमी १ दिसतो. तुम्ही नेटवर ‘स्टेट १’ शोधत बसता आणि हाती काहीच लागत नाही, कारण तो १ मुद्दाम दाखवलेला असतो. बाहेरून कोणी पासवर्ड आजमावत असेल तर त्याला नाव चुकलं की पासवर्ड चुकला हे कळू नये, म्हणून सर्व्हर खरं कारण समोरच्याला सांगत नाही. पण स्वतःकडे लिहून ठेवतो. इन्स्टन्सच्या लॉग फोल्डरमध्ये ‘एररलॉग’ नावाची फाइल असते, तिला एक्स्टेंशन नसतं, नोटपॅडमध्ये सरळ उघडते. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरशी जोडले गेलात तर मॅनेजमेंटखाली एसक्यूएल सर्व्हर लॉग्जमध्येही तीच दिसते. तिथे त्याच सेकंदाला दोन ओळी पडलेल्या असतात. पहिलीत खरी स्टेट, दुसरीत कारण आणि शेवटी चौकोनी कंसात कुठल्या मशीनवरून प्रयत्न झाला त्याचा आयपी.

स्टेट ५ म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही. ८ म्हणजे पासवर्ड जुळत नाही. ७ म्हणजे लॉगिन डिसेबल केलेलं आहे आणि पासवर्डही चुकीचा आहे. ३८ म्हणजे लॉगिन ठीक, पण मागितलेला डेटाबेस उघडत नाही. ४० म्हणजे त्या लॉगिनचा डिफॉल्ट डेटाबेस उघडत नाही. ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर (विंडोजच्या खात्यानेच प्रवेश) आहे आणि तुम्ही एसक्यूएलचं नाव-पासवर्ड घेऊन आलात. मेसेज एकच, पण प्रत्येकाचा इलाज निराळा. आणि पासवर्ड बदलून सुटेल असं यात मुळात ८ हे एकच.

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात गेले तेव्हा मालक एकच वाक्य धरून बसले होते, “पासवर्ड तोच आसा, काल चालत होतो.” त्यांचं बरोबर होतं. रात्री विजांनी लाइट गेली, यूपीएसनेही दम तोडला. सकाळी मशीन चालू झालं पण डेटाची दुसरी डिस्क उशिरा वर आली, त्यामुळे डेटाबेस ‘रिकव्हरी पेंडिंग’मध्ये, म्हणजे सुरू व्हायच्या आधीच, अडकला. बिलिंग सॉफ्टवेअर फक्त ‘लॉगिन फेल्ड’ दाखवत होतं. मी पोचायच्या आधी कोणीतरी फोनवरून पासवर्ड बदलायला लावला होता. मग लॉगमध्ये सकाळच्या ओळी ३८ च्या आणि दहा वाजल्यापासून ८ च्या, कारण बाकीच्या टेबलांवरच्या कॉन्फिग फायलींत जुनाच पासवर्ड होता. एकाचे दोन बिघाड झाले होते. डिस्क दिसतेय याची खात्री केली, डेटाबेस ऑफलाइन करून परत ऑनलाइन आणला, जुना पासवर्ड परत लावला, काम सुरू. लॉग वाचल्यावर एवढंच उरतं.

असं कोणी पासवर्ड बदललेला असेल तर पुढचं संकटही ओळखून ठेवा. सॉफ्टवेअर मागे दर मिनिटाला जुन्या पासवर्डने धडका देत राहतं आणि विंडोजची लॉकआउट पॉलिसी त्या लॉगिनला लागू असेल तर खातंच लॉक होतं. मग एरर १८४८६ दिसतो. अनलॉक करण्याआधी लॉगमधल्या आयपीवरून धडका देणारं मशीन शोधा, नाहीतर दहा मिनिटांत परत तेच.

दुसरी कळकळीची सूचना रिस्टार्टबद्दल. सर्विस रिस्टार्ट केली की एररलॉगची नवीन फाइल सुरू होते आणि जुन्या फक्त ६ राहतात. घाबरून सात-आठ वेळा रिस्टार्ट मारलं तर पहिल्या बिघाडाची नोंद कायमची गेली. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांचा पहिला उपाय रिस्टार्टच असायचा, आणि त्यामुळे कितीतरी महिने मला वाटायचं की हे आपल्या डोक्यातच शिरणार नाही. शिरतं. तुमच्यात काही कमी नाही, तुम्हाला फाइल दाखवलेली नसते. लॉग उघडून बाजूला बसवून घेणारा सिनियर मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी त्याला सोडू नका. रिस्टार्ट हक्काने करायची जागा स्टेट ५८: मिक्स्ड मोड (विंडोज आणि एसक्यूएल, दोन्ही लॉगिन चालणारा) चालू केला की सर्विस रिस्टार्ट केल्याशिवाय तो लागू होत नाही.

‘एसए’ने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या तयार लॉगिनने, सगळं जोडून टाकणं हा आमच्याकडचा लाडका शॉर्टकट. कृपा करून शिकू नका. बिलिंगच्या कॉन्फिगमध्ये एसएचा पासवर्ड उघडा पडलेला असणं म्हणजे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सगळ्या डेटाबेसच्या किल्ल्या. आणि एसएचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही म्हणून सर्व्हर रिइन्स्टॉल करणारे पाहिले की जीव तुटतो. गरज नसते. इन्स्टन्स सिंगल-यूजर मोडमध्ये (एका वेळी एकच जोडणी) चालू केला तर त्या मशीनच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ग्रुपमधला माणूस सिसअ‍ॅडमिन म्हणून आत जाऊ शकतो आणि तिथून पासवर्ड नवीन लावू शकतो. अडचण एकच, ती एकुलती एक जागा बिलिंग सॉफ्टवेअर आधी पटकावतं. म्हणून आधी बाकीची मशीनं बंद करा, ठरलेली कामं आपोआप चालवणारी एजंट सर्विस चालू असेल तर तीही थांबवा.

मशीन बदललं, बॅकअप नव्यावर रिस्टोअर केला आणि लॉगिन होतंय पण डेटाबेस उघडत नाही, तर तो अनाथ यूजर. लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये राहतं, यूजर तुमच्या डेटाबेसमध्ये, आणि दोघांना जोडणारा एसआयडी (आतला ओळख क्रमांक) नव्या सर्व्हरवर वेगळा पडतो. नाव सारखं असून उपयोग नाही. ‘अल्टर यूजर’ने त्याला नव्या लॉगिनला बांधून द्या, एका ओळीचं काम. यूजर पुसून नवा केला तर त्याच्या परवानग्या जातात, त्या परत बसवताना दिवस जातो.

ज्यांच्याकडे डोमेन (सगळ्या मशीनांची खाती एकाच जागी सांभाळणारी विंडोजची सोय) आहे त्यांच्यासाठी एक. ‘कॅनॉट जनरेट एसएसपीआय कॉन्टेक्स्ट’ आला तर आधी घड्याळ बघा. लाइट वारंवार जाते, मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो, मशीन भलतीच वेळ घेऊन उठतं. घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेनमध्ये ओळख पटवणारं कर्बेरॉस नकार देतं. वेळ जुळवून पाहा आणि सेल बदलून घ्या.

हे सगळं गिऱ्हाइकाच्या मशीनवर पहिल्यांदा बघायची वेळ येऊ देऊ नका. डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून फुकट आहे, मॅनेजमेंट स्टुडिओही फुकट. घरच्या लॅपटॉपवर टाका, एक लॉगिन बनवा आणि स्वतःच्या हाताने बिघडवा: चुकीचा पासवर्ड द्या, नाव चुकवा, डिफॉल्ट डेटाबेस ऑफलाइन करा, मिक्स्ड मोड बंद करा. प्रत्येक वेळी एररलॉग उघडून कुठली स्टेट पडली ते वहीत लिहा. त्याच लॅपटॉपवर दुसरा इन्स्टन्स टाकून त्यावर बॅकअप रिस्टोअर केलात की अनाथ यूजरही घरबसल्या भेटेल.