घराचा झोन आणि गृहकर्ज : इसार देण्यापूर्वी काय तपासावे

गृहकर्ज देताना बँक कर्जदाराचे उत्पन्न पाहते, तसेच हप्ते थकल्यास तारण ठेवलेले घर विकून किती रक्कम वसूल होईल, हेही पाहते. घराच्या जागेचा कायदेशीर वापर कोणता आणि तिथे किती बांधकाम चालते, हे झोन, म्हणजे विकास आराखड्यात त्या भागाला दिलेला निवासी, व्यापारी, औद्योगिक किंवा शेती असा प्रकार, ठरवतो. त्यामुळे अर्जदाराचा पगार भरपूर असूनही केवळ झोनच्या मुद्द्यावर कर्ज नाकारले जाऊ शकते. म्हणूनच झोनची चौकशी इसार देण्यापूर्वी करावी, कर्जाचा अर्ज भरताना नव्हे.

प्रथम नियोजन प्राधिकरणाकडून, म्हणजे त्या भागाचा विकास आराखडा राबवणाऱ्या सरकारी संस्थेकडून, त्या भूखंडाचा झोन दाखला घ्यावा. विक्रेत्याच्या किंवा मध्यस्थाच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये. शेजारी दहा घरे उभी आहेत, म्हणजे झोन निवासी आहे, असेही होत नाही. दाखल्यावरील भूखंड क्रमांक मालकीच्या कागदांशी ताडून पाहावा, भूखंडावर रस्तारुंदीकरणाचे किंवा अन्य आरक्षण आहे का ते वाचावे आणि नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला असल्यास त्यात काय बदलले आहे, तेही विचारावे.

यानंतर मंजूर नकाशा हातात घेऊन घर प्रत्यक्ष फिरून पाहावे. नकाशात दिसणारी गच्ची जागेवर बंदिस्त खोली झालेली असेल, तर बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा मूल्यांकनकार ते क्षेत्रफळ बहुधा हिशेबात धरत नाही, आणि त्याचा फटका थेट खरेदीदाराच्या खिशाला बसतो. समजा, घराची ठरलेली किंमत १०० आहे आणि बँक ८० टक्के कर्ज देते. मूल्यांकन ८५ वर आले, तर कर्ज ८५ च्या ८० टक्के, म्हणजे ६८ मिळेल, आणि २० ऐवजी ३२ स्वतः उभे करावे लागतील.

सर्वांत फसवा प्रकार जुन्या घरांचा असतो. घर बांधले तेव्हा ते नियमांत बसत होते, पुढे तो भाग व्यापारी किंवा औद्योगिक झाला. असे घर राहण्यासाठी वापरण्यास सहसा हरकत नसते. परंतु आग, भूकंप यांसारख्या आपत्तीत त्याचा मोठा भाग नष्ट झाला, तर ते पूर्वीसारखे पुन्हा बांधण्यास अनेक ठिकाणचे नियम परवानगी देत नाहीत. बँकेची भीती नेमकी हीच असते, कारण तिच्या हाती घराऐवजी मोकळा भूखंड उरतो. अशा वेळी ‘पुनर्बांधणीस परवानगी राहील’ असे प्राधिकरणाचे लेखी पत्र मागावे आणि पुनर्बांधणीच्या वेळी नव्या नियमांमुळे वाढणारा खर्च विमा पॉलिसीत समाविष्ट होतो का, हेही पाहावे. पत्र मिळत नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी माझ्या मते तो व्यवहार टाळणेच शहाणपणाचे.

खाली दुकान आणि वर घर असलेल्या मिश्र वापराच्या इमारतीसाठी काही बँका गृहकर्जाऐवजी व्यापारी कर्ज देऊ करतात. त्यात व्याजदर अधिक, मुदत कमी आणि स्वतःचा हिस्सा मोठा असू शकतो. निवासी भागाचे प्रमाण किती असल्यास गृहकर्ज मिळेल, हे प्रत्येक बँकेत वेगळे असल्याने एकीने नकार दिल्यावर दुसरीकडे विचारण्यात संकोच करू नये. शेतीच्या झोनमधील घराबाबत अडचण अधिक मोठी असते. अनेक बँका असे तारण स्वीकारतच नाहीत.

‘लवकरच झोन बदलणार आहे’ हे वाक्य विक्रेते वारंवार ऐकवतात. बँक मात्र आज लागू असलेल्या झोनवरच मूल्य ठरवते, म्हणून संभाव्य बदलासाठी वाढीव किंमत मोजू नये. एवढे पाहूनही शंका उरलीच, तर झोन किंवा अनधिकृत बांधकामाच्या कारणावरून कर्ज नामंजूर झाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम ठरावीक मुदतीत परत मिळेल, अशी अट इसारपावतीतच लिहून घ्यावी आणि तिचा मसुदा सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाला दाखवावा.