होलोंगापारच्या जंगलात हुलॉक बघायला जायचंय? मग दोन सकाळी हातात ठेवा

काझीरंगाला आपल्याकडून आता भरपूर लोक जातात, पण तिथून अडीच-तीन तासांवर, जोरहाटच्या पलीकडे, चहाच्या मळ्यांच्या मधोमध एक चिमुकलं वर्षावन आहे तिकडे फार कमी जण वळतात. होलोंगापार गिबन अभयारण्य. फक्त २०.९८ चौ. किमी. एवढ्याशा जागेत माकडवर्गातले सात प्रकारचे प्राणी राहतात आणि त्यातला एक म्हणजे हुलॉक गिबन, भारतातला एकमेव एप. एप म्हणजे शेपूट नसलेला, चिंपांझी-ओरांगउटानच्या कुळातला. आपल्या देशात असा प्राणी जंगलात बघता येतो हेच खूप जणांना माहीत नसतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा टूरच्या प्रोग्राममध्ये "वाटेत गिबन सँक्चुरी" असा एक तास होता. अकरा वाजता पोचलो, पंधरा जण, बोलत बोलत चाललो, बाराला परत गाडीत. झाडं दिसली फक्त. दुसऱ्या वेळी नवरा आणि मी दोघंच गेलो, तीन रात्री राहिलो, आणि तेव्हा कळलं की हे जंगल वाटेत उरकायचं नाहीच मुळी. म्हणून आधीच सांगते, निदान दोन पूर्ण सकाळी तरी ठेवा, नाहीतर तो वेळ काझीरंगालाच द्या.

पोचायचं कसं तर मुंबई-पुण्याहून विमानाने गुवाहाटी, तिथून रात्रीची ट्रेन पकडून मरियानी जंक्शन, हे सगळ्यात सोपं, कारण मरियानी अभयारण्याच्या अगदी जवळ आहे. जोरहाटला विमानतळ आहे, तिथून गाडीने साधारण तासभर. राहायला जोरहाटमध्ये हॉटेलं आहेत पण शक्यतो जंगलाच्या कडेच्या गावात होमस्टे बघा, पहाटे उठून गाडीत वेळ घालवायचा नाही हा मोठा फायदा, आणि जेवायला आलू पिटिका (बटाट्याचं भरीत) आणि मासोर टेंगा (माशांचा आंबट रस्सा) मिळतो तो वेगळाच.

आता वेळेचं नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे चुकतात. आसाम खूप पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. चहाच्या मळ्यांत तर अजून 'बागान टाइम' चालतो, एक तास पुढे. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य वर आलेला असतो आणि साडेचारला मावळतो, मार्चमध्ये तर साडेपाचच्या आधीच उजाडतं. गिबन सूर्य उगवल्यावर लगेच हालचाल सुरू करतात, सकाळी गातात, खातात, आणि दुपारी तीन-चारलाच झोपायचं झाड गाठतात. म्हणजे आपण जेवून, जरा पडून चार वाजता जाऊ म्हणाल तर गेलात कामातून. होमस्टेवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की उजाडता उजाडता गेटवर पोचायचंय, परवानगी आणि गार्डचं पण आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

गार्ड हवाच. इथे जीप सफारी नाही, पायी फिरायचं असतं आणि जंगलात हत्ती आहेत. बंदूकवाला गार्ड बरोबर असतो तो त्याचसाठी, आणि तो म्हणाला आज या वाटेने नको तर तिथे हुज्जत घालायची नाही. आम्हाला एका सकाळी ताजी लीद दिसली, अजून वाफ येत होती, दादांनी हात वर केला आणि आम्ही गुपचूप मागे फिरलो. गार्डला दादा म्हटलेलं तिकडे पण चालतं. ओळखपत्र आणि सुटे पैसे जवळ ठेवा, एंट्री आणि कॅमेऱ्याची फी बदलत असते.

आता मुख्य गोष्ट, बघायचं कसं. खरं तर आधी ऐकायचं असतं. होलोंग हे इथलं मुख्य झाड, आसामचा राज्यवृक्ष, सरळसोट खांबासारखा बुंधा आणि पहिली फांदी कुठेतरी आकाशात. त्याच्याखाली नाहोर, म्हणजे आपण ज्याला नागचाफा किंवा नागकेशर म्हणतो तेच. एवढ्या उंच आणि दाट छतात डोळ्यांनी शोधत बसलात तर मान दुखेल आणि हाती काही लागणार नाही. वाटेवर कुठेतरी थांबा, बोलणं पूर्ण बंद, आणि वाट बघा. हुलॉक ओरडतो तो आवाज सांगून कळत नाही, आधी एकटा 'हू... हू' असा, मग दुसरा त्यात मिसळतो, मग दोघांचं मिळून चढत चढत असं काही होतं की सगळं जंगल वाजतंय असं वाटतं. नर-मादीची जोडी मिळून गाते, हा आमचा इलाका आहे असं शेजारच्या कुटुंबाला सांगायला. आसामीत त्याला 'होलौ बांदर' म्हणतात. एक कुटुंब गायला लागलं की लांबून दुसरं उत्तर देतं. दाट धुकं असेल तर उशिरा सुरू करतात, तेव्हा साडेसातला काही ऐकू आलं नाही म्हणून निघून जाऊ नका.

आवाजाची दिशा कळली की गार्डच्या मागे सावकाश जा, धावायचं नाही. ते झाडावरून खाली जवळजवळ येतच नाहीत, हातांनी लोंबकळत एका फांदीवरून दुसरीकडे झोके घेत जातात आणि आपण खालून पळून गाठूच शकत नाही. त्यापेक्षा फळं लागलेलं उंबर-वडाच्या कुळातलं झाड कुठे आहे ते दादांना विचारा आणि तिथे शांत बसा, गिबन काय आणि बाकीची माकडं काय, सगळी तिथेच येतात. काळा असेल तो नर, तपकिरी-सोनेरी ती मादी, भुवया दोघांच्याही पांढऱ्या. पिल्लू जन्मतं तेव्हा फिकट असतं, मग काळं होतं, आणि मादी असेल तर वयात येताना परत तपकिरी. आम्ही एक मादी पाहिली, पोटाशी पिल्लू, एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने फळ खात होती, वीस मिनिटं. नवरा रडला. मी पण.

बाकी सहा जणांपैकी ऱ्हीसस आणि आसामी मकाक (मकाक म्हणजे माकडांचाच एक प्रकार) आहेत. डुकरासारखी छोटी शेपटी असलेला पिगटेल्ड आणि शेंदूर फासल्यासारखा लाल चेहरा असलेला स्टंपटेल्ड हे दोघं भारतात ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेलाच मिळतात, त्यामुळे दिसले तर नीट बघून घ्या. स्टंपटेल्डचा कळप जमिनीवरून चालतो, मोठा असतो, पाचोळ्याचा आवाज येतो तेव्हा जागचे हलू नका. टोपी घातल्यासारखे केस असलेला कॅप्ड लंगूर आपल्या वानराचाच भाऊबंद, पोटाकडे छान नारिंगी झाक. आणि सातवा स्लो लोरिस, रात्री फिरणारा. तो दिसेल अशी आशा ठेवू नका, रात्री जंगलात शिरायचं नसतंच. कोणी म्हणालं पैसे द्या, टॉर्च मारून दाखवतो, तर साफ नाही म्हणा, त्याच्या डोळ्यांना तो प्रकाश सहन होत नाही. त्याचा चावा विषारी पण असतो.

पक्ष्यांसाठी वेगळी वेळ काढायची गरज नाही, गिबनची वाट बघता बघताच दिसतात. आपल्या सह्याद्रीतला कर्णा ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचा लाल डोक्याचा भाऊ, रेड-हेडेड ट्रोगन, इथे शोधायला मजा येईल, तो अर्ध्या उंचीवर सावलीत तासन् तास गप्प बसतो, म्हणून मधल्या थरातल्या आडव्या फांद्या दुर्बिणीने सावकाश चाळा. डोंगरी मैना आणि धनेश वरच्या शेंड्यावर, लांब शेपटीचा भृंगराज कोतवाल कुठेही, आणि पहाटे वाटेवरच कालिज फेझंट, म्हणजे रानकोंबड्यासारखा पक्षी, पण पहिलं वळण घेताना पुढे तुम्ही असाल तरच, चार जणांच्या मागून गेलात तर तो उडालेला असतो. छोट्या पक्ष्यांची एकत्र टोळी आली की एकाच्या मागे लागू नका, सगळी टोळी डोक्यावरून जाऊ द्या, पाच मिनिटांत पंधरा जाती दिसतात.

फुलपाखरं ऊन खाली उतरल्यावर, साधारण नऊ-साडेनऊनंतर. तोपर्यंत गिबन दाट पानांत गेलेले असतात, त्यामुळे वेळापत्रक आपोआप जमतं. ओल्या मातीच्या जागा, ओढ्याची कड, जिथे हत्ती मुतलाय ती जागा पण, तिथे नर फुलपाखरं क्षार शोषायला थव्याने बसतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन तिकडे नाही, पण त्याचा चुलतभाऊ ग्रेट मॉरमॉन आहे आणि त्याच्या माद्या किती वेगवेगळ्या रूपात येतात, काही तर विषारी फुलपाखराची हुबेहूब नक्कल. बर्डविंग नावाचं मोठं फुलपाखरू दिसलं तर आधी पक्षीच वाटतो. मागून सूर्य येऊन तुमची सावली त्यांच्यावर पडली की सगळी उडतात, तेव्हा बाजूने, वाकून, सावली सांभाळून जा.

सीझन म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत हवा छान पण धुकं जास्त आणि फुलपाखरं कमी. सगळंच थोडं थोडं हवं असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा मार्च. पावसाळ्यात जळवा इतक्या असतात की लक्ष पायाकडेच राहतं. मार्चमध्ये पाऊस झाला तरी लीच सॉक्स, म्हणजे जळवा अडवणारे मोजे, ठेवाच.

कॅमेऱ्यात एक सेटिंग आधीच करून ठेवा, एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवून. काळा प्राणी आणि मागे पांढरं आकाश, नाहीतर फोटोत नुसता काळा डाग येतो, माझे पहिले चाळीस फोटो असेच गेले. दुर्बीण ८x४२ पुरे. कपडे मातकट रंगाचे.

आणि हे मनापासून सांगते, मोबाईलवर गिबनची कॉल वाजवून त्यांना बोलावू नका. त्यांना वाटतं इलाक्यात परका शिरलाय, खाणं सोडून ते धावत येतात, पिल्लू घेऊन. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका, एपना माणसाचे आजार लागतात, मी तर मास्क लावूनच फिरते. या जंगलाला धोके आधीच कमी नाहीत. १८८१ साली राखीव झालेलं हे जंगल चारही बाजूंनी चहाच्या मळ्यांनी वेढलंय, बाहेर जायला रस्ता उरलेला नाही, आणि आतून रेल्वेलाईन जाते. झाडावरून न उतरणाऱ्या प्राण्याला रूळ म्हणजे भिंतच, त्यामुळे एका तुकड्यातली कुटुंबं बाकीच्यांपासून तुटलीयत. झाडं जोडायचे, दोरीचे पूल टाकायचे प्रयत्न झालेत. दादांना सांगून त्या रुळाजवळ नक्की जा. आम्ही उभे होतो तेव्हा अलीकडून एक जोडी गात होती, पलीकडून दुसरी उत्तर देत होती, मधून मालगाडी गेली, आणि ती गेल्यावर दोघांनी परत सुरू केलं.