‘उलाढाल किती?’ एवढंच विचारून येऊ नका: स्थानिक उद्योगांच्या अभ्यासात होणाऱ्या चुका

एखाद्या शहराच्या किंवा तालुक्याच्या धंद्यांचा अभ्यास करून अहवाल देणं हे माझं पोटापाण्याचं काम. कधी नगरपालिका सांगते, कधी एखादी संस्था, कधी बँक. आम्ही जातो, प्रश्नावल्या भरून आणतो, आकडे मांडतो. या कामात नव्यानं येणारी मुलं हुशार असतात, एक्सेल माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं चालवतात. पण चुका त्याच. दर वर्षी, दर गावात. तपासून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

एकच कापड तीनदा मोजणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. दुसऱ्याच्या नावावर खपवली असती, पण मी स्वतःच केली आहे, इचलकरंजीत.

प्रश्नावलीत एक ओळ होती: ‘वार्षिक उलाढाल’. आम्ही सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याला विचारलं, यंत्रमागधारकाला विचारलं, कापडाच्या व्यापाऱ्याला विचारलं. प्रत्येकानं मनापासून आकडा दिला. आम्ही बेरीज केली आणि शहराचा आकडा असा काही फुगला, की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मसुदा दाखवायला बैठक ठेवली. मागच्या रांगेत एक वयस्कर मागधारक, अण्णा, बसले होते. तक्ता बघून म्हणाले, “साहेब, एवढं कापड निघाय लागलं तर पंचगंगेतनं पाण्याऐवजी कापडच वाहील की!”

बैठक संपल्यावर ते मला त्यांच्या शेडमध्ये घेऊन गेले. चोवीस साधे माग, कानठळ्या बसवणारा खडखडाट. ते खर्चीवाले. म्हणजे काय, हे तोवर मला नीट कळलेलं नव्हतं. “कापड कुठलं आमचं? बीम शेठचा, बाण्याचं सूत शेठचं, कापडबी शेठचंच. आमचं काय ते पिकाचं.” बीम म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, बाणा म्हणजे आडवा धागा, आणि पीक म्हणजे एका इंचात बसणारे आडवे धागे. मजुरी ठरते ती मीटरमागं, इंचातल्या दर पिकाला इतके पैसे, अशी.

हिशोब समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. कापड बावन्न पिकाचं, मजुरी पिकाला १० पैसे. म्हणजे मीटरमागं ५ रुपये २० पैसे. तेच कापड व्यापारी ३० रुपये मीटरनं विकतो असं धरा. २४ माग, मागाला दिवसाकाठी ७० मीटर, महिन्याचे २५ दिवस: ४२,००० मीटर. मजुरीनं मोजलं तर वर्षाला २६ लाखांच्या आसपास. कापडाच्या किमतीनं मोजलं तर दीड कोटीच्या वर. आमच्या पोरांनी विचारलं होतं, “वर्षाला किती रुपयांचं कापड काढता?” मागधारकांनी खरंच उत्तर दिलं होतं, कापडाच्या किमतीचं. प्रश्नच चुकीचा होता. वर त्याच कापडाची रक्कम व्यापाऱ्याच्या उलाढालीत पुन्हा धरली, आणि त्यातले सायझिंगचे पैसे सायझिंगवाल्याच्या खात्यात आणखी एकदा.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न उलाढालीचा नसतोच. ‘माल कुणाचा?’ हा असतो. उत्तर ‘शेठचा’ आलं, की फक्त मजुरी लिहायची. शहराचा आकडा काढताना प्रत्येक टप्प्यावर किती मूल्य वाढलं तेवढंच धरायचं. बाहेरून आलेल्या सुताची किंमत ही या शहराची कमाई नव्हे, हे अहवाल लिहिणाऱ्यालाही अनेकदा सांगावं लागतं.

दुसरी सवय जरा हट्टाची आहे. मी मागापाशी उभा राहून वेग बघतो. साधा माग मिनिटाला साधारण १५० पीक टाकत असेल आणि कापड बावन्न पिकाचं असेल, तर एका मीटरला दोन हजारांवर पीक लागतात, म्हणजे न थांबता चालला तरी तेरा-चौदा मिनिटं. चोवीस तासांत शंभर-एकशे दहा मीटर ही झाली वरची हद्द. धागे तुटतात, वीज जाते, बीम बदलायचा असतो, त्यामुळे हाती येतं त्याहून बरंच कमी. कुणी मागाला दोनशे मीटर सांगितलं, तर त्याला खोटं पाडायचं नाही. ‘माग कुठला? शटललेस का?’ म्हणजे धोट्याशिवाय चालणारा, वेगवान का, एवढं विचारायचं. बऱ्याचदा तसंच निघतं.

शिक्षण कमी, म्हणून ‘अकुशल’

कौशल्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आमच्या एका उमेदवारानं वहिफणीच्या कामगारापुढे ‘अकुशल’ असा शिक्का मारून फॉर्म आणला. कारण विचारलं तर म्हणाला, “सर, चौथी शिकलाय. प्रमाणपत्र काहीच नाही.” मी त्याला परत पाठवलं आणि सांगितलं, तासभर नुसता बघत बस.

मागाला नव्या मांडणीचा बीम लागतो, तेव्हा त्याचे हजारो उभे धागे एकेक करून आधी वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या तारांच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढायचे असतात. नावच त्यावरून पडलंय. एक धागा चुकीच्या डोळ्यात गेला, की ती रेघ कापडभर उमटत जाते, आणि कळतं तेव्हा बरेच मीटर विणून झालेले असतात. पोरगा परत आला तो न बोलता फॉर्म बदलूनच. आता तोच नव्या मुलांना वहिफणी दाखवायला नेतो, आणि माझ्यापेक्षा कडक बोलतो.

माझ्या फॉर्मवर शिक्षणाचा आणि कौशल्याचा रकाना वेगळा असतो. कौशल्याच्या रकान्यात तीनच गोष्टी: काम शिकायला किती दिवस लागले, कुणाकडून शिकलात, आणि तुमच्याकडून चूक झाली तर नुकसान किती. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पदवीपेक्षा जास्त बोलतं.

आणि मालक म्हणाले, ‘कुशल माणसं मिळत नाहीत’, की लगेच ‘कौशल्यतुटवडा’ असं ठळक लिहू नका. किती पगारात मिळत नाहीत, ते विचारा. बारा तासांची पाळी आहे का, तेही.

बाईला ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारणं

कोल्हापुरी चपलेच्या घरांत हे हमखास होतं. प्रश्न विचारला की उत्तर येतं, “न्हाई, मी घरीच असते.” आणि उत्तर देताना हातात वेणी चालू असते; चपलेच्या पट्ट्यावरची, बारीक चामड्याची. फॉर्मवर मात्र ‘काम करत नाही’. कुटुंबातली दोन माणसं राबतात आणि नोंद एकाची होते. मी ‘काम’ हा शब्दच वापरत नाही. ‘काल सकाळपासून काय काय केलं?’ असं विचारतो आणि ऐकत बसतो. वेळ जातो. जाऊ द्या.

याच चपलेबद्दल आणखी एक. २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. धंद्याला सीमा कळत नाही. तुमचा नकाशा जिल्ह्याच्या रेषेवर संपत असेल, तर कच्चं चामडं कुठून येतं आणि तयार माल कुठे जातो यातलं अर्धं तुमच्या हाती लागणारच नाही.

बसल्या जागी तालुका काढणं

जिल्ह्याचा आकडा घ्यायचा, लोकसंख्येच्या प्रमाणात तालुक्यांत वाटायचा. पाच मिनिटांत तक्ता तयार. या हिशोबानं इचलकरंजी ज्या हातकणंगल्यात आहे तिथले माग गगनबावड्याच्या डोंगरातही उगवतात. आणि वाटून दिलेली ती लोकसंख्या २०११ ची. आर्थिक गणना वापरलीत तर सहावी, म्हणजे २०१३-१४ ची. मधे नोटबंदी, जीएसटी आणि कोविड होऊन गेलेत. जुना आकडा वापरायला हरकत नाही, त्यावर वर्ष लिहा. सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आधी वाचा, मग फिरा, मग लिहा. उलट क्रमानं करणारे मला लगेच ओळखू येतात.

थोडक्यात उरकण्यासारख्या:

वीजमीटर मोजून कारखाने मोजू नका. एकाच शेडमध्ये दोन भावांचे दोन मीटर असतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, वाढली म्हणजे उद्योग वाढले, असं नाही. आधीच चालू असलेला धंदा आज कागदावर आला एवढंच. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून ‘सूक्ष्म’ उद्योगाची व्याख्याच बदलली, उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली. दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडताना हे विसरू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारं माणूस बरोबर न्या. मराठीत उत्तरं मिळतात, पण तेलुगूत किस्से मिळतात.

यात्रा-उत्सवाचा आर्थिक परिणाम काढताना गावातल्याच माणसाचा खर्च नवा पैसा म्हणून धरू नका. त्यानं तो एरवीही गावातच केला असता. बाहेरून आलेला दुकानदार संध्याकाळी गल्ला घेऊन निघून जातो, तेही वजा करा. एका मुलानं पंढरपूरच्या वारीला २.५ हा गुणक लावला होता, म्हणजे खर्च झालेल्या एका रुपयाचे गावात अडीच होतात असं धरलं होतं. कुठून आणला? एका परदेशी संगीत महोत्सवाच्या अहवालातून. वारकरी दिंडीबरोबर पंगतीत जेवतो, मठात झोपतो. त्याला तिकडच्या हॉटेलचं भाडं कशाला लावतोस बाबा?

आणि तक्ते धंद्यातल्या माणसाला दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला देऊ नका. ही माझी इचलकरंजीनंतरची सवय. मसुदा घेऊन आजही त्या शेडमध्ये जातो. अण्णा चष्मा लावून, चहाचा कप तक्त्यावरच ठेवून वाचतात. मागच्या वेळी पिकाच्या हिशोबावर मान डोलावली, मजुरीवर काही बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो. मग विजेच्या खर्चावर बोट ठेवलं. “हे बिल कुठल्या महिन्याचं?”

दिवाळीच्या महिन्याचं होतं. माग आठवडाभर बंद होते. त्याला बारानं गुणून आम्ही वर्षाचा खर्च काढला होता. सगळ्या घरांची बारा-बारा महिन्यांची बिलं पुन्हा मागवली, आणि अहवाल तीन आठवडे उशिरा गेला.